सेल्फ मारायचा नाही

काकांची फियाट मी हातात घेतली हे गावात कळलं आणि जो भेटेल तो एकच विचारू लागला, "चालू झाली का?" शेडमध्ये आलेला माणूस आधी बॉनेटवर थाप मारतो, मग दार उघडून आत बसतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि त्याची नजर किल्ली शोधू लागते. म्हणून सगळ्यात आधी मी एका पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलं, 'सेल्फ मारायचा नाही', आणि तो सुतळीने स्टिअरिंगला बांधला. गाडीत बॅटरी नव्हतीच. पण गावात ट्रॅक्टर आहेत, ट्रॅक्टरला बॅटऱ्या आहेत आणि न बोलावता मदतीला येणारी माणसं आहेत. उभ्या गाडीची वीस वर्षांत लागत नाही तेवढी वाट उत्साहाच्या पहिल्या पाच मिनिटांत लागते.

गाडी १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. हीच गाडी पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून सगळ्यांच्या ओळखीची झाली. आमच्याकडे हिला डुक्कर फियाट म्हणतात, ते चूक. डुक्कर ती आधीची, जिची पुढची दारं उलट्या बाजूने उघडायची. आमची त्यानंतरची, हिची चारही दारं सरळ. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे.

मोठे काका औसा तालुक्यात डॉक्टरकी करायचे. गाडीसाठी पैसे भरून नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघावी लागे त्या काळातली ही खरेदी, त्यामुळे घरात हिचा मान थोरल्या बैलजोडीपेक्षा जास्त होता. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडी वाड्यात झोपायची कुणाची छाती होईना, तेव्हा आजी कितीतरी रात्री हिच्या मागच्या सीटवर झोपली. वाड्याचा भरवसा उडाला म्हणून अंगणापलीकडे पत्र्याचं शेड झालं, गाडी तिकडे गेली आणि काकांची नजर अधू झाल्यावर तिथेच राहिली. पुढे काका गेले. शेडमध्ये सोयाबीनची पोती आली, खत आलं, फवारणीचे पंप आले, आणि बॉनेटवर ताडपत्र्या ठेवायची सगळ्यांना सवय झाली.

काकूच्या कानावर घातलं तेव्हा ती म्हणाली, "आता तिला कामून उचकूलालास भैय्या? हाय तशी ऱ्हाऊ दे की." मी म्हटलं, नुसतं बघतो. त्यावर ती म्हणाली, "तुमच्या घराण्यात नुसतं बघणारा अजून जन्मायचाय."

पहिले काही रविवार खरोखर बघण्यातच गेले. पोती हलवली, गाडी कोरड्या फडक्याने पुसली, पाणी मारलं नाही. हातात बॅटरीचा दिवा, वही आणि मोबाइल. प्रत्येक तार कुठून कुठे जाते, कुठला नट कुठे, सगळ्याचे फोटो. सोडलेला प्रत्येक भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. याला कंटाळणाऱ्याने जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. दोन वर्षांनी तो डबा उघडताना आपल्या स्मरणशक्तीवर विसंबून राहावं लागणं ही शिक्षा असते.

तपासताना जे दिसलं ते आमच्या मुलखाला साजेसं होतं. मुंबईत किंवा कोकणात एवढी वर्षं उभी असती तर फरशीतून जमीन दिसली असती. इथे पाऊसच कमी आणि हवा कोरडी. फरशीचा पत्रा टणक, बॉनेट टणक, डिकीच्या कोपऱ्यात नखाने उकरली की निघेल अशी वरवरची तांबेर. जो दुष्काळ माणसांना नडला तो या पत्र्याला मानवला. पण त्याच हवेने रबर संपवलं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय तापत असेल ते सांगायला नको. काचांची बीडिंग बोटात घेतली की भुकटी व्हायची, टायरच्या भिंतींना भेगा, इंजिनखालची माउंटिंगं तडकलेली, रेडिएटरचे होज दाबले की करकरायचे.

टणक पत्र्याला एकच अपवाद, डावी बाजू. तिकडे खताच्या पोत्यांची थप्पी होती. युरिया आणि डीएपी हवेतला ओलावा ओढून घेतात, पोतं पाझरतं, आणि ती खारट ओल पत्र्याला साध्या पाण्यापेक्षा वाईट. मागच्या डाव्या दाराचा खालचा हातभर भाग आणि त्याखालची पट्टी चाळण झाली होती. उजवं दार मात्र आतून कंपनीच्या रंगात. एकाच गाडीची दोन दारं शेजारी ठेवून खत म्हणजे काय ते शिकवता येईल.

उंदरांचं श्रेय सोयाबीनला. धान्य आलं म्हणून उंदीर आले, उंदीर आले म्हणून त्यांनी मागच्या सीटमधला काथ्या उपसून एअर फिल्टरच्या डब्यात संसार थाटला आणि डॅशबोर्डमागच्या तारांचं आवरण सोलून खाल्लं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. सीटखाली सापाची कात निघाली, ती मात्र सालगड्याने बघितली आणि तो त्या दिवसापुरता शेडमध्ये आला नाही.

गाडी जागची हलवायची की नाही यावर घरात मतभेद होते. चुलत भाऊ पुण्याहून फोनवर म्हणायचा, ट्रॅक्टरने ओढून लातूरला आण. ओढायची कशी? हँडब्रेक लावूनच ठेवलेला, मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले, दोन टायर रिमवर बसलेले. ओढली असती तर मातीत रबराची रेघ आणि वाकलेला टाय रॉड एवढंच हाती लागलं असतं. तेव्हा शेडमध्येच जॅक लावून चारही बाजूंनी घोड्यांवर, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर घेतली. गाडी फार जड नाही, नऊशे किलोच्या आसपास. तरी खालच्या मातीवर जाड फळ्या टाकल्याशिवाय घोडी लावायची नाही. नुसत्या विटांवर जॅक ठेवणारी माणसं मी बघितली आहेत आणि त्यांच्याबरोबर गाडीखाली जायची माझी तयारी नाही.

मग उस्ताद आले. लातूरला त्यांचं गॅरेज आहे, जीप आणि फियाटवर हात बसलेला माणूस, आता मुलगा नव्या गाड्या बघतो आणि हे खुर्चीत बसून चुका काढतात. त्यांनी पुठ्ठा वाचला, हसले, म्हणाले, "बराबर लिखा. सेल्फ को हात नक्को." मग बॉनेट उघडून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मी विचारलं, इंजिन जाम असेल का? "होगा तो होगा. कायकू जल्दी? पहले उसको तेल पीने दो."

चारही प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गियरचं पातळ तेल आणि डिझेल यांचं मिश्रण थोडं थोडं सोडलं, भोकांवर स्वच्छ चिंधी कोंबली आणि तसंच ठेवलं. दर आठवड्याला आणखी थोडं. यात बघण्यासारखं काही नसतं, त्यामुळे पाहुणेही कमी झाले. आत काय चाललेलं असतं तर पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटलेल्या असतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर जिथे पिस्टन थांबला तिथे गंजाचं बारीक कडं बसलेलं असतं. त्यावरून सेल्फच्या जोराने पिस्टन खेचला की रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडा उठतो. मग इंजिन पूर्ण उतरवून बोअर करण्याशिवाय, म्हणजे सिलिंडर आतून कापून घेण्याशिवाय इलाज नाही. हे पुश रॉडचं, म्हणजे लांब सळईने वॉल्व्ह ढकलून उघडणारं इंजिन असल्यामुळे दुसरी भीती वॉल्व्हची. एखादा वॉल्व्ह गाइडमध्ये अडकला असेल तर सेल्फ मारताच त्याचा रॉड वाकतो. म्हणून रॉकरवरचं झाकण काढून, सगळं उघडं ठेवून, तेल टाकून, मगच फिरवायचं.

फिरवायचं हातानेच. क्रँकच्या पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावला आणि अगदी थोडा दाब दिला. हलला नाही. उस्तादांनी माझा हात धरला, जोर वाढवू दिला नाही. उलट्या बाजूला केसभर, परत सुलट्या बाजूला केसभर, असं करत करत तो सैल झाला. एकदम 'सुटला' असं काही झालं नाही. आधी बोटभर फिरला, नंतर पाव फेरा, आणि शेवटी एक पूर्ण फेरा झाला तेव्हा आठही वॉल्व्ह वर-खाली होताना दिसले, त्यातला एक आळसावलेला. त्याच्या दांड्यावर तेलाचा थेंब आणि लाकडी दांड्याची हलकी टिचकी, एवढ्यावर भागलं. उस्तादांनी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हवेचा जोर बघितला, मी नंतर गेज लावून बघितला. तिसरा सिलिंडर जरा कमी, बाकी तीन एकमेकांच्या जवळ. अंगठ्याचाही निकाल तोच होता, हे त्यांनी मला नंतर दोनदा ऐकवलं.

जुनं इंजिन ऑइल काढलं तेव्हा आधी चहाच्या पेल्याएवढं पाणी आलं, मग काळं दाट ऑइल. म्हणून खालचं ऑइलचं चेंबर उतरवून धुतलं, जाळी साफ केली. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ खरवडून काढावा लागला. तो आत ठेवून वर नवं ऑइल भरलं असतं तर नवं ऑइल त्याच गाळाला घेऊन बेअरिंगांत गेलं असतं.

रेडिएटरची गोष्ट पाण्याची आहे. आमच्या बोअरचं पाणी किती जड ते घरातल्या हीटरच्या कॉइलवर दिसतं. काकांनी आयुष्यभर तेच पाणी गाडीत ओतलं, दुसरं आणणार कुठून? रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या, इंजिनाच्या ब्लॉकच्या आत पांढरा थर. रेडिएटर लातूरला देऊन वरची टाकी उघडून नळ्यांत सळई घालून घेतल्या. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं आतून कुजली होती, एक तर पेचकस टेकवल्यावर आत गेलं. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट याशिवाय काही नाही. सालगड्याला हे पटत नाही. "माणसाला टँकरचं अन् गाडीला इकतचं?" असं तो म्हणतो आणि मला उत्तर सुचत नाही.

पेट्रोलची टाकी उतरवली तेव्हा अख्ख्या शेडला वार्निशचा वास आला. जुनं पेट्रोल वाळून तळाशी राळेसारखं चिकटलेलं. टाकी आतून धुताना विडी-सिगारेटवाले सगळे बाहेर, हा नियम मी काकूच्या देखत जाहीर केला, म्हणजे तो पाळला गेला. आत बारीक खडी घालून हलवून हलवून गंज झाडला, मग रसायनाने धुऊन वाळवली. भोक पडलेलं नव्हतं ते बरं, कारण पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग हे काम मी कुणालाही गावात करू देणार नाही. वाफ महिनोन् महिने आत राहते आणि ठिणगीला निमित्त पुरतं.

टाकीपेक्षा मोठा विचार पेट्रोलचाच होता. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. १९६८ मध्ये एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं, पाइप हे सगळं बनवणाऱ्याच्या डोक्यात इथेनॉल नव्हतं. ते जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढून घेतं, आणि गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. आमच्या गाडीसारख्या महिन्यात एकदा फिरणाऱ्या गाडीला हे नेमकं नको ते. म्हणून पंपाचा नवा पडदा इथेनॉल सोसणारा बघून घेतला, पाइपही तसेच, व्हायटॉन रबराचे टाकले, टाकीत पेट्रोल लागेल तेवढंच ठेवायचं ठरवलं. गंमत अशी की हे इथेनॉल आमच्याच उसाचं. २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आलं, तेव्हाही ऊस होताच. त्याच उसाच्या मळीचं काहीतरी फिरून काकांच्या कार्बोरेटरपर्यंत आलं आहे.

ब्रेक मी इंजिनाच्या आधी केले. लोकांना हे उलटं वाटतं. पण इंजिन चालू झालं की कुणीतरी गियर टाकणारच, आणि थांबायची सोय नसलेली गाडी शेडच्या भिंतीतून बाहेर जाते. मागचे ड्रम निघेनात, तेव्हा आधी आतला अॅडजस्टर पूर्ण सैल केला, मग लाकडी हातोड्याने कडेने गोल गोल ठोकत आणले. चाकांच्या सिलिंडरांत ब्रेक ऑइलचा तपकिरी चिखल झालेला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी सिलिंडरला आतून खड्डे पाडतं. या गाडीत ब्रेकची एकच लाइन चारही चाकांना जाते, एका ठिकाणी गळती झाली की पॅडल तळाला. त्यामुळे इथे काटकसर नाही. मास्टर सिलिंडर नवा, चाकांचे सिलिंडर नवे, होज नवे, लायनर नवे, लोखंडी पाइपसुद्धा नवे. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. पॅडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून पॅडल दाबून ठेवलं, तर काही दिवसांनी प्लेट आपोआप सुटली.

सुटे भाग मिळतील का ही धास्ती होती, पण फियाटवाल्याने ती बाळगायचं कारण नाही. पुण्याच्या नाना पेठेत बरंच मिळालं, उरलेलं कुर्ल्याहून. मुंबईत शेवटची नोंद झालेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांनी जपून ठेवलेला माल अजून दुकानदारांच्या माळ्यावर आहे. अडचण वेगळीच आहे. पद्मिनीचं यांत्रिक सामान बरंचसं डिलाइटला बसतं, पण जाळी, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डवरचं मीटर बसत नाही. दुकानदार मात्र 'सेम टू सेम' म्हणून तेही गळ्यात मारतो. जुना भाग पिशवीत घालून सोबत न्यावा, शेजारी ठेवून बघावा आणि मगच पैसे काढावेत.

रंगाबद्दल मी ठरवलं आहे की पूर्ण गाडी रंगवायची नाही. लातूरच्या एका पेंटरने बघताक्षणी 'पूर्ण घासून चेरी लाल मारू, लग्नाला भाड्याने जाईल' असं सुचवलं. काकांची गाडी राखाडी आहे. उजव्या बाजूचा मूळ रंग पॉलिशने अजून जागा होतो. फक्त कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा आणि तेवढाच भाग रंग मिळवून मारायचा. जोड दिसेल, दिसू दे.

कागदांचं काम इंजिनाइतकंच किचकट निघालं. आरसी बुक काकूच्या ट्रंकेत मिळालं, एमने सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर. शेडमध्ये येणारा प्रत्येक दुसरा माणूस सांगतो की पंधरा वर्षांपुढची गाडी सरकार उचलून नेतं. तो पेट्रोल गाड्यांचा पंधरा वर्षांचा नियम दिल्ली परिसराचा, लातूरचा नाही. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षं चालते. पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. काकूने हे ऐकून विचारलं, "मग तुळजापूरला न्हेता येत नसंल तर करूलालास काय तिचं?" प्रश्न बिनतोड होता. म्हणून साधं नूतनीकरण करायचं, गाडी तपासणीला न्यायची, फी भरायची. वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ती २०२५ मध्ये ₹१०,००० झाली आहे, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. त्याआधी मालकी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, आणि सगळ्या वारसांच्या सह्या.

विजेचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात झालं. उंदरांनी निम्मी तार खाल्लेली, मी सगळीच काढून टाकली आणि जुन्या रंगांच्या क्रमाने नवी ओढून घेतली. डायनामो लातूरला वाइंडिंगवाल्याने जिवंत केला. डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून गॅप लावला, कंडेन्सर बदलला, कॉइल जुनीच चालली.

मग एका संध्याकाळी उस्तादांनी स्वतः पुठ्ठा सोडला. टाकीला हात लावला नाही. काकांच्या दवाखान्यातला सलाइनचा स्टँड वाड्यात होता, त्याला पेट्रोलची छोटी बाटली टांगून नळी थेट कार्बोरेटरला दिली. प्लग काढूनच सेल्फ मारला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं. मग प्लग लावले. खोकली, थांबली, उस्तादांनी डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला, आणि पुन्हा सेल्फ मारल्यावर लागली. सायलेन्सरमधून आधी मातीचे तुकडे उडाले, मग निळा धूर, एवढा की काकू ओसरीवरून ओरडली. काही मिनिटांतच ब्लॉकच्या उरलेल्या जुन्या बुचांपैकी एकातून पाणी पाझरू लागलं आणि उस्तादांनी लगेच बंद केली. "बस. बुच सगळे बदलो."

बुचं आणली आहेत. तिसऱ्या सिलिंडरचा जोर गाडी थोडी चालल्यावर पुन्हा मोजायचा आणि तेव्हाही कमीच असला तर हेड उतरवायचं. डेंटर दिवाळीनंतर मोकळा होतो म्हणाला, डावं दार काढून त्याच्याकडे पोचवलं आहे. चुलत भाऊही दिवाळीला येणार आहे, त्याची सही तेव्हा घ्यायची. त्याने फोनवर विचारलंच, "चालू झाली म्हणे? मग मी परत जाताना चालवत नेऊ का पुण्याला?" पुठ्ठा परत बांधला आहे.